टेबलाखाली ट्रेडमिल लावली म्हणून शुगरची गोळी बंद करायची नसते

गेले काही आठवडे एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तो वेगवेगळ्या लोकांनी परत परत टाकला. खाली मशीनची लिंक, आणि मजकूर साधारण असा: "कामाच्या टेबलाखाली वॉकिंग पॅड लावा आणि काम करता करता चाला. एका महिन्यात ८ किलो वजन कमी. शुगर-बीपीच्या गोळ्या कायमच्या बंद. मेंदू दुप्पट वेगाने चालतो. बसून काम करणं सिगरेटपेक्षा घातक आहे. रोज १०,००० पावलं झाली की दुसऱ्या व्यायामाची गरज नाही. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने हे सिद्ध केलंय. आपल्या माणसांना नक्की पाठवा."

वॉकिंग पॅड म्हणजे टेबलाखाली सरकवायची चपटी ट्रेडमिल. आपल्या माणसांना पाठवा म्हटलंय म्हणून सगळे पाठवत सुटलेत. एरवी मी असल्या मेसेजला उत्तर देत बसत नाही, पण हा आमच्या मामांपर्यंत पोचला आणि मामांनी तो खरा मानला. मामांचं घर कोल्हापुरात रंकाळ्याजवळ, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं जीएसटी रिटर्नचं ऑफिस, सकाळी खुर्चीत बसले की रात्रीच उठणार, शुगर जुनी, रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ह्या शुगरच्या गोळ्या चालू. त्यांनी हप्त्यावर वॉकिंग पॅड घेतला, टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून टेबल उंच केलं, आणि चालायला लागले. इथपर्यंत ठीक होतं. मग गोळ्या बंद केल्या, कुणालाही न विचारता. मामींनी फोन केला तेव्हा आम्हाला कळलं, मी जाऊन विचारलं तर "अगं बाळ, आता चालतोय की मी, गोळी कशाला, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगितलंय" असं उत्तर. उपाशीपोटीची शुगर बघितली तर दोनशेच्या पुढं.

म्हणून गोळीपासूनच सुरुवात करते. बाकीचे दावे खोटे निघाले तर पैसे जातात, हा खोटा निघाला तर माणूस जातो.

चालल्यानं शुगर कमी होते हे खरंय, त्यात वाद नाही. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्शुलिनची फारशी गरजही लागत नाही. पण हा परिणाम काही तास टिकतो, फार तर एक-दोन दिवस. आणि सकाळी उपाशीपोटी जी शुगर येते ती कुठून येते? रात्रभर तुम्ही काही खाल्लेलं नसतं. ती साखर लिव्हर तयार करून रक्तात सोडत असतं, टाइप २ डायबिटीसमध्ये ते गरजेपेक्षा जास्त सोडतं, आणि मेटफॉर्मिन मुख्यतः तिथं काम करतं. म्हणजे तुम्ही दुपारी टेबलाखाली पट्ट्यावर कितीही चाला, गोळीचं ते काम ते चालणं आपोआप करेलच असं अजिबात नाही. शुगर इतकी आटोक्यात आली की गोळी कमी करता येईल, असं काही लोकांचं होतं, होय होतं, पण ते एचबीएवनसी बघून, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी बघून डॉक्टर ठरवतात, पायऱ्या पायऱ्यांनी. व्हॉट्सअॅप ठरवत नाही.

मामा म्हणाले मला तर एकदम हलकं वाटतंय. वाटणारच, दिवसभर बसणारा माणूस चालायला लागला की बरं वाटतंच. पण वाढलेली शुगर दुखत नाही, तिचा त्रास जाणवेपर्यंत ती डोळ्याच्या पडद्यावर, किडनीवर, पायाच्या नसांवर आपलं काम करून बसलेली असते, आणि त्या वेळी मेसेज पाठवणारे कुणी दवाखान्याचं बिल भरायला येत नाहीत.

बरं, ह्याची उलटी बाजू तर त्या मेसेजवाल्याच्या डोक्यातही आलेली नाही. समजा एखाद्यानं गोळी चालू ठेवली, ग्लिमेपिराइड घेतली किंवा इन्शुलिन घेतलं आणि अचानक रोज दोन-तीन तास चालायला लागला, त्यात काम संपेना म्हणून जेवायला उशीर झाला, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यापुढं अंधारी, आणि हे सगळं कुठं तर हलत्या पट्ट्यावर, समोर टेबलाची कड. म्हणजे गोळी सोडणाऱ्यालाही धोका आणि न सोडणाऱ्यालाही, म्हणून डॉक्टरला आधी सांगायचं असतं की मी एवढं एवढं चालणार आहे, डोस बघा.

आणि पाय. आपल्याकडं घरात चप्पल घालत नाहीत, त्यामुळं मामा पट्ट्यावर अनवाणी चालायचे. जुन्या शुगरवाल्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते, खडा टोचला तरी कळत नाही, म्हणून त्यांना घरातसुद्धा अनवाणी फिरू नका असं डॉक्टर सांगतात. मामांच्या अंगठ्याखाली फोड आला होता आणि तो त्यांना नाही, मामींना दिसला. पट्ट्याचं घासणं तासन् तास एकाच जागी, आणि लक्ष सगळं स्क्रीनवर. डायबिटीसमध्ये पायाची छोटी जखम कुठपर्यंत जाऊ शकते हे ज्यांच्या घरात बोट कापायची वेळ आलीय त्यांना विचारा. मेसेजमध्ये बुटाचा एक शब्द नाही. इतकी माहिती द्यायला जागा होती, मशीनच्या लिंकला जागा होती, "बूट घालून चाला" एवढं लिहायला नव्हती.

आता आठ किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी धरतात. आठ किलो म्हणजे ६१,६०० कॅलरी. आणि ह्या मशीनवर चालून जास्तीच्या कॅलरी जळतात किती? ह्याचं उत्तर तेव्हा मेयो क्लिनिकमध्येच असलेल्या माणसाकडं आहे. जेम्स लेव्हाइन नावाचे डॉक्टर, टेबल आणि ट्रेडमिल एकत्र करायची कल्पना ज्यांनी लोकप्रिय केली ते हेच, त्यांचा २००७ सालचा संशोधनाचा पेपर आहे. १५ लठ्ठ लोकांना घेऊन मोजलं. बसून काम करताना तासाला ७२ कॅलरी, ताशी पावणेदोन-एक किलोमीटरनं चालत काम करताना १९१. फरक ११९ कॅलरीचा. आता ६१,६०० ला ११९ नं भागा, ५१७ तास येतात. तीस दिवसात बसवायचे म्हटलं तर रोज सतरा तासांच्या वर चालावं लागेल, आणि तेही जेवण कणभर न वाढवता. झोपायचं कधी, जेवायचं कधी, आंघोळ कधी? आणि हे आकडे लठ्ठ माणसांचे आहेत, ज्याचं वजन कमी त्याच्या कॅलरी अजून कमी जळणार.

पण मग हा आकडा आला कुठून, ह्याचा मी शोध घेतला, आणि मला वाटतं इथंच ह्या मेसेजचं मूळ आहे. त्याच २००७ च्या पेपरमध्ये एक हिशोब मांडलाय, की रोज दोन-तीन तास बसायच्या ऐवजी असं चालत काम केलं आणि बाकी खाणंपिणं, हालचाल सगळं जसंच्या तसं राहिलं, तर वर्षाला २० ते ३० किलो वजन कमी होऊ शकेल. होऊ शकेल. तो कागदावरचा अंदाज होता, कुणाचं वजन तेवढं उतरल्याचं त्यात म्हटलेलं नाही. मेसेजवाल्यांनी "तर" काढून टाकला, वर्ष काढून महिना घातला.

आणि नंतर प्रत्यक्ष काय झालं हे कुणीच फॉरवर्ड करत नाही. लेव्हाइन यांच्याच टीमनं २०१३ साली पूर्ण एका वर्षाचा निकाल छापला. एका ऑफिसातल्या ३६ लोकांना ट्रेडमिलची टेबलं दिली. वर्षाच्या शेवटी सरासरी वजन उतरलं १.४ किलो. जे लठ्ठ होते त्यांचं २.३ किलो. एका वर्षात! सुरुवातीला लोकांचं बसणं चांगलं कमी झालं होतं, सहा महिन्यांनंतर ते परत वाढायला लागलं, कारण माणूस आहे, कंटाळतो. ज्यांनी ही कल्पना लोकप्रिय केली त्यांच्याच अभ्यासात वर्षाला दीड किलोच्या आत उतरतंय आणि आमच्या ग्रुपवर महिन्याला आठ किलो. मेयोनं सिद्ध केलंय म्हणताय ना, मग मेयोनं काय सिद्ध केलंय ते हे आहे.

माझी तक्रार चालण्याबद्दल नाही, हेही स्पष्ट लिहिते. मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती मान्य करायलाच लागते, की तासन् तास न हलता बसणं वाईट. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९ जास्त वजनाच्या लोकांवर बघितलं, दर वीस मिनिटांनी उठून फक्त दोन मिनिटं सावकाश चालले तरी खाल्ल्यानंतर चढणारी शुगर साधारण पाव हिश्शानं कमी चढली. म्हणजे मामांना फायदा हवा होता तो फुकटात मिळत होता. क्लायंटचा फोन आला की उठून खोलीत फिरत बोलायचं, जेवल्यावर दहा मिनिटं गल्लीत चालून यायचं. ह्याला पंचवीस हजाराचं मशीन लागत नाही, आणि ह्याची जाहिरात करून कुणाला कमिशनही मिळत नाही.

मेंदू दुप्पट चालतो, हे तर मला फारच लागलं, कारण मी स्वतः उद्यमनगरात सीएडीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, ड्रॉइंग करते आणि माऊस अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर पुढं कास्टिंगवाल्याचं नुकसान होतं. २००९ साली अमेरिकेत बसून आणि चालत केलेल्या कामाची तुलना केली होती, चालताना माऊस-कीबोर्डचं बारीक काम आणि गणितं ६ ते ११ टक्क्यांनी घसरली. वाचून समजण्यात फरक पडला नाही. त्यामुळं ऑनलाइन मीटिंग ऐकताना, लेख वाचताना चाला की. पण मामांचं काम काय, टॅलीत आकडे भरणं आणि रिटर्न फाइल करणं, तिथं एक शून्य जास्त पडलं की नोटीस क्लायंटला येते. स्टॅनफर्डच्या २०१४ च्या अभ्यासात चालताना नवीन कल्पना जास्त सुचतात असं दिसलं होतं, बहुतेक "दुप्पट मेंदू" तिथून आला असावा, पण त्याच अभ्यासात एकच बरोबर उत्तर शोधायच्या कामात लोक किंचित मागे पडले होते. जीएसटी रिटर्नमध्ये नवीन कल्पना सुचून उपयोग नाही. लेव्हाइन यांच्या टीमच्या २०१४ च्या एका अभ्यासात मात्र लोकांचं काम आधी घसरून वर्षभरात सवयीनं थोडं सुधारलं, हेही सांगायला पाहिजे. थोडं. दुप्पट नाही.

सिगरेटचं वाक्य लई फिरतं, पण तंबाखूनं जगात दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं मरतात, बसण्याची त्याच्याशी बरोबरी करू नका, नाहीतर टपरीवर उभा राहून सिगरेट ओढणारा म्हणायचा मी तर उभा आहे. २०१६ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून बघितलं होतं, रोज ६० ते ७५ मिनिटं जरा दमवणारा व्यायाम करणाऱ्यांमध्ये जास्त बसण्याचा वाढीव धोका जवळपास दिसेनासा झाला होता. सिगरेटचा धोका असा व्यायामानं पुसून जात नाही.

१०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या विक्रीतून आला, तो काही कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून ठरलेला नाही. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो. आणि "दुसऱ्या व्यायामाची गरज नाही" हे तर कोल्हापुरात कुणी ऐकून घ्यायला नको होतं, तालमींचं गाव आहे हे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. टाइप करता करता ताशी पावणेदोन किलोमीटरनं चालणं मध्यम व्यायामात मोडत नाही, धाप लागत नाही, घाम येत नाही. बैठका, जोर, जिने, जे जमेल ते वेगळं करावंच लागतं.

ज्यांनी मशीन घेतलंच आहे त्यांनी ते फेकून द्यावं असं मी म्हणत नाही. बूट घालून चाला, वेग कमी ठेवा, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास वापरा, आकड्यांचं काम आलं की उतरून बसा. लाइट गेली की पट्टा झटकन थांबतो आणि आपण पुढं जातो, म्हणून टेबलाचा आधार हाताशी असू द्या. घरात लहान मुलं असतील तर काम झाल्यावर प्लग काढूनच ठेवा, पट्ट्यात हात-बोटं सापडून मुलं भाजल्याच्या घटना आहेत, अमेरिकेत २०२१ साली एका मुलाच्या मृत्यूनंतर पेलोटॉन कंपनीला एक अख्खं ट्रेडमिलचं मॉडेल परत मागवावं लागलं होतं. मेसेजमध्ये हेही नाही.

आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांना हात जोडून सांगते, तो नुसता डिलीट करू नका. ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथं जाऊन लिहा, की हे वाचून कुणी शुगरची किंवा बीपीची गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरला फोन करा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी शुगर तपासा. जे आपल्या मामा-काकांना पाठवलं होतं त्यांना फोन करून विचारा, गोळी चालू आहे का. आमचे मामा तर विचारल्यावरसुद्धा आधी सांगायला तयार नव्हते, त्यामुळं घरात मामी-काकींनाही विचारा.