होडीचं गणित कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी आधी संदर्भ सांगतो. छोट्या बोटींचं डिझाइन शिकायचं असेल तर पहिलं वर्ष कागद, पेन्सिल आणि स्थैर्याच्या गणिताला द्या, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : तुमच्या आजोबांनी रत्नागिरीजवळच्या खाडीवर कागदावर रेघही न ओढता मचवे बांधले आणि ते नीट चालले. आता तर फुकटचं सॉफ्टवेअर सगळं काढून देतं. आणि यॉट हा परदेशातल्या श्रीमंतांचा शौक, त्यापायी आपल्या पोरांनी वर्षं का घालवावीत?

आजोबांबद्दल वाद घालायचा प्रश्नच नाही. लवचीक पट्टी वाकवून, एक डोळा मिटून, फळीची रेघ कुठे अडखळते हे ओळखणारी नजर कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. पण ते ज्ञान एका ठरावीक होडीचं होतं. तेच लाकूड, तीच खाडी, तेच शीड, तसाच माल. तेवढं कायम असेल तर पिढ्यांचा अनुभव पुरतो. एखादी गोष्ट बदलली की तो अनुभव किती लागू पडतो, हे अनुभव स्वतः सांगू शकत नाही. आणि आज सगळंच बदललंय. त्याच आकाराचा साचा काढून फायबरची होडी करतात, तिला मागे आउटबोर्ड इंजिन लावतात, वर छप्पर चढवतात आणि डॉल्फिन दाखवायला पर्यटक नेतात.

ढोबळ आकडे घेऊन बघू. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन टनांची होडी. कललेल्या होडीला परत सरळ करणारा जोर सुरुवातीला एका उंचीवर ठरतो. ती गुरुत्वमध्यापासून वर, होडीच्या आकारावरून ठरणाऱ्या मेटासेंटर नावाच्या बिंदूपर्यंत मोजतात. तिला मेटासेंट्रिक उंची म्हणतात, बोलताना जीएम. समजा आपल्या होडीची जीएम 75 सेंटिमीटर आहे, म्हणजे चांगली आहे. आता चार माणसं छपरावर चढली. त्यांचं वजन 280 किलो, होडीच्या गुरुत्वमध्यापासून दोन मीटर वर. सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य जवळजवळ 25 सेंटिमीटर वर सरकतो आणि जीएम तेवढी घटते. त्यात तळाशी तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद अशा सपाट मोकळ्या जागेत चार बोटं पाणी साचलंय. होडी कलली की ते पाणीही त्याच बाजूला धावतं आणि जीएममधून आणखी सुमारे 35 सेंटिमीटर खातं. उरले 15. तेवढ्यात डॉल्फिन दिसला आणि चौघंही पाऊण मीटर एका कडेला सरकले. हिशेबाने ही होडी तीस अंशांच्या आसपास कलायला बघते, आणि एवढ्या छोट्या होडीचा काठ बहुधा त्याआधीच पाण्याखाली जातो. एकही फळी तुटलेली नाही, वादळ नाही, लाट नाही.

याच गणिताची दुसरी बाजू मला शिकणाऱ्या प्रत्येकाला दाखवावीशी वाटते. साचलेल्या पाण्याचा त्रास त्याच्या रुंदीच्या घनाने वाढतो. म्हणून त्या मोकळ्या जागेच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, पाणी पलीकडे जाणार नाही अशी एक आडफळी बसवली, तर तेवढ्याच पाण्यात 35 सेंटिमीटरचं नुकसान जेमतेम नऊवर येतं. खर्च एका फळीचा. हिशेब स्वतःच्या हाताने केलेल्या माणसालाच ती फळी सुचते.

सॉफ्टवेअर मीही रोज वापरतो. डेल्फ्टशिपची फुकट आवृत्ती शिकायला उत्तमच आहे. ते होडीच्या आकारावरून तरंगण्याचं सगळं काढून देतं, पण गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं. त्यासाठी वजनांची यादी लागते : इंजिन, बॅटरी, डिझेल, नांगर, साखळी, बर्फ, माणसं, आणि प्रत्येकाची तळापासूनची उंची. फायबरच्या कामात हाताने थर देताना रेझिन, म्हणजे फायबर चिकटवणारं द्रव्य, जास्त पडलं की होडीचं कवच कागदावरच्यापेक्षा जड होतं आणि त्या प्रमाणात मजबूत मात्र होत नाही. हे यादीत कोण धरणार? चुकीची यादी दिली तरी पडद्यावर तितकाच सुबक आलेख उमटतो. तो बघून 'हे शक्यच नाही' असं म्हणता यावं, म्हणून वक्र आकाराचं क्षेत्रफळ काढायच्या सिम्प्सनच्या नियमाने, मापांना एक-चार-दोन-चार-एक असं गुणत, एकदा तरी संपूर्ण होडी हाताने सोडवावी असं मी म्हणतो.

मग होडी रुंदच करावी, असं कुणालाही वाटेल. रुंदीच्या घनाचा फायदा इथेही मिळतो आणि होडी धक्क्यावर दगडासारखी स्थिर वाटते. पण ऑगस्ट 1979 मध्ये आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या समुद्रात शिडाच्या बोटींच्या फास्टनेट शर्यतीला वादळाने गाठलं. 303 बोटी निघाल्या होत्या. 24 सोडून द्याव्या लागल्या, त्यांतल्या पाच बुडाल्या, आणि 15 स्पर्धक गेले. नंतरच्या चौकशीत आणि अभ्यासात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. त्या काळच्या शर्यतीच्या नियमांमुळे रुंद, हलक्या बोटींना उत्तेजन मिळालं होतं, आणि रुंद बोट उलटी झाली की त्या अवस्थेतही स्थिर राहते, लवकर परत वळत नाही. सुरुवातीचं स्थैर्य आणि शेवटचं स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हापासून बोट किती अंशांपर्यंत कलून परत येते, याचा संपूर्ण आलेख मांडल्याशिवाय कुणी जबाबदार डिझायनर खोल समुद्राची बोट हातावेगळी करत नाही. आजोबांच्या नजरेला हा आलेख दिसणं शक्य नव्हतं. जगातल्या कुणाच्याच नजरेला तो दिसत नाही.

आता परदेशी शौकाबद्दल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं त्रिंकोमाली हे लढाऊ जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याचे नकाशे विलायतेहून यायचे होते. ते घेऊन निघालेलं जावा हे जहाज 1812 मध्ये लढाईत गेलं, नकाशेही गेले, आणि नव्या प्रती येईपर्यंत थांबावं लागलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1969 मध्ये ज्या सुहैलीतून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारणारा पहिला माणूस ठरला, ती 32 फुटी सागवानी बोटही मुंबईतच बांधलेली, इथल्या कारागिरांनी. आराखडा मात्र अमेरिकन, तोही नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बोटींवरून घेतलेला. कमांडर दिलीप दोंदे ज्या म्हादेई नावाच्या बोटीतून 2009-10 मध्ये एकटे जग फिरून आले आणि नंतर अभिलाष टॉमीही फिरले, ती गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली. आराखडा डच.

दोनशे वर्षं हात आपले आणि कागद दुसऱ्याचा. मला हे खुपतं. आपल्याकडे आयआयटी खरगपूर, आयआयटी मद्रास, कोचीचं विद्यापीठ इथे नौका-वास्तुशास्त्र शिकवतात, पण भर मोठ्या जहाजांवर. छोट्या बोटींसाठी अमेरिकेतल्या वेस्टलॉनसारखी, 1930 मध्ये पत्राद्वारे शिकवण्यासाठी निघालेली संस्था आपल्याकडे झाली नाही. तुमच्या घरातल्या पोराकडे आजोबांची नजर असेल आणि त्याने हे गणितही हाताखालून घातलं, तर पुढच्या म्हादेईचा कागद त्याचा असू शकेल. त्याला परावृत्त करू नका एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्या भावाची फायबरची होडी आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग एक प्रयोग करा. वारा पडलेला असताना, संथ पाण्यात, दोर सैल सोडून. तळातलं पाणी आधी पूर्ण उपसा. छपराखाली दीड मीटर लांबीचा ओळंबा टांगा, त्याचा लोलक पाण्याच्या बादलीत बुडू द्या म्हणजे तो झुलणार नाही, आणि दोरीमागे आडवी मोजपट्टी लावा. वाळूची 50 किलोची पिशवी एका बाजूला ठेवून दोरीची जागा टिपा. मग पिशवी दीड मीटर पलीकडे सरकवून पुन्हा टिपा. या वेळात माणसांनी जागचं हलायचं नाही. दोन टनांच्या होडीत दोरी साडेसात सेंटिमीटर सरकली, तर जीएम बरोबर 75 सेंटिमीटर. जास्त सरकली तर जीएम त्याहून कमी. होडीचं वजन ट्रेलरवरून काट्यावर करून घ्या, अंदाजाने धरू नका. पिशवी उलट बाजूला नेऊनही एकदा मोजा, आणि दोन्ही आकडे छपराच्या उंचीसकट इथेच लिहा. छपरावर किती माणसं चालतील, हे त्यावरून आपण दोघं मिळून काढू.