उद्यान दुपारी बंद राहील

आमच्या सेक्टरच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एक छायाचित्र फिरत आहे. त्यात बागेच्या मागच्या कुंपणाचे दोन वाकलेले गज, त्यांच्यामधील फट आणि त्या फटीत अडकलेल्या एका मध्यमवयीन स्त्रीचा मागचा अर्धा भाग दिसतो. पुढचा अर्धा भाग तोवर पदपथावर पोहोचलेला असल्यामुळे चेहरा दिसत नाही, एवढीच त्यातील समाधानाची बाब. खाली 'सार्वजनिक मालमत्तेचा गैरवापर, पुरावा क्रमांक ३' असे लिहिले आहे. तो पुरावा मी आहे. पहिल्या दोन पुराव्यांची चौकशी केली असता त्यांपैकी एक भटका कुत्रा आणि दुसरा पिझ्झा पोहोचवणारा मुलगा असल्याचे समजले. त्या दोघांची छायाचित्रे समोरून काढलेली आहेत, हे मला अजून पचलेले नाही.

घडले ते असे. ऑक्टोबरच्या उन्हात मी नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारातून बोंबलाचे दोन वाटे घेऊन निघाले होते. रिक्षा मिळेना, बसथांब्याचा पत्रा तापलेला, आणि वाटेत बाग लागली. फाटक उघडे होते, आत झाडाखाली बाक रिकामा होता, म्हणून मी बसले. अकरा वाजता शिट्टी ऐकू आली, तेव्हा कोणा दांडग्या मुलाला घसरगुंडीवरून उतरवत असतील असे मला वाटले. ती शिट्टी बाग रिकामी करण्याची होती, आणि सुरक्षारक्षकाने ती फाटकाला बाहेरून कुलूप लावून झाल्यावर वाजवली होती. मी फाटकापाशी पोहोचेपर्यंत त्याची सायकल वळणावरून दिसेनाशी झाली होती. फाटकावरच्या पाटीवर 'उद्यान दुपारी ११ ते ४ बंद राहील' असे ठळक अक्षरांत रंगवले आहे. मात्र ती पाटी बाहेरच्यांसाठी असल्याने आतून तिची मागची गंजलेली बाजूच दिसते. बोंबील ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी इतकेच, की त्या माशाच्या अंगात पाणी फार असते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो चार वाजेपर्यंत कोणासाठीही थांबत नाही.

"बसा वहिनी, चारला उघडतं," असा आवाज आला.

गझिबोत एक काका बसले होते. पांढरी टोपी, पायांत मोजे आणि सँडल, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकचे पाकीट आणि पाकिटात जाडजूड फाइल. या वयाचे गृहस्थ कोंडले गेले असताना इतके निवांत कसे, याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडा धीरही आला.

"म्हणजे तुम्हीही अडकलात का?" मी विचारले.

"अडकलो कसला? मी आत असताना बाग बंद झाली, एवढंच," असे म्हणून त्यांनी फाइल उघडली आणि मधला एक कागद माझ्यापुढे धरला. "हे कुलूप माझ्या पत्रावर लागलंय. हा बघा आवक क्रमांक, हा शिक्का आणि ही पोच."

पत्राचा विषय 'उद्यान दुपारच्या वेळेत बंद ठेवणेबाबत' असा होता. कारण विचारले तेव्हा काका जरा पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "दुपारी इथे मुलंमुली येऊन बसायची."

"बसून काय करायची?"

"बसायची," काका म्हणाले, आणि या शब्दावर त्यांनी असा जोर दिला की पुढे विचारणे मला असभ्यपणाचे वाटले.

सुरक्षारक्षकाचा दूरध्वनी क्रमांक काकांकडे होता. तथापि तो त्याच्या जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळेत लावायचा नाही, असा ठराव रहिवाशांच्या बैठकीत झालेला होता आणि त्याचे सूचक स्वतः काकाच होते. "बारा बारा तास उभा असतो बिचारा, ठेकेदार पगार वेळेवर देत नाही, निदान जेवण तरी सुखाचं होऊ दे त्याचं," असे ते म्हणाले. यावर मला बोलता येईना, कारण ते खरेच होते. माणुसकीच्या आड येऊन आपले बोंबील वाचवणे मला जमण्यासारखे नव्हते. मात्र ही माणुसकी एका ठरावावरून दुसऱ्या ठरावाकडे का वळत नाही आणि दुपारच्या पाळीला दुसरा माणूस नेमावा असे कोणाच्या मनात का येत नाही, हा प्रश्न मी पिशवी सावलीत सरकवता सरकवता विचारला. काकांनी तो टिपून घेतला. नंतर पाहिले तर त्यांनी 'सुरक्षारक्षक अतिरिक्त, खर्चाची तरतूद?' असे लिहून त्यावर रेघ मारली होती.

वेळ घालवायचाच आहे म्हणून त्यांनी मला बाग दाखवली. खुल्या व्यायामशाळेत कमरेला पीळ देण्याच्या गोल पाटावर उभे राहून त्यांनी स्वतःभोवती तीनदा अर्धी प्रदक्षिणा घातली आणि "हा पाठपुराव्यातून मिळालाय," असे प्रत्येक फेरीत एकदा सांगितले. शेजारी पाणपोई होती. तिला चार तोट्या होत्या, वर संगमरवरी फलक होता, फलकावर नऊ नावे होती आणि तोट्यांना पाणी नव्हते, कारण पाणपोईचे बांधकाम एका विभागाकडे आणि तिच्यात यायचे पाणी दुसऱ्या विभागाकडे असल्यामुळे त्या दोघांची अद्याप भेट झालेली नव्हती. झाडांची मात्र चैन होती. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते बागांना घालण्याची चांगली पद्धत आमच्या शहरात आहे, आणि हिरवळीवरचे फवारे भर उन्हात, बंद फाटकाच्या आत, कोणीही पाहत नसताना उत्साहाने उडत होते. स्वच्छतागृहाला कुलूप होते. त्याची किल्ली सुरक्षारक्षकाकडे, आणि सुरक्षारक्षक जेवायला. काका या वेळी बागेत असतात तेव्हा काय करतात, असे विचारावेसे वाटले. परंतु मी त्यांना तेव्हा नुकतीच ओळखू लागले होते.

बागेला लागून ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र आहे. त्यातील कॅरमची सोंगटी दोनदा हरवल्यामुळे कॅरम कपाटात गेला, कपाटाची किल्ली काकांकडे आली, आणि काकांनी किल्ली घरी विसरण्याचा धोका नको म्हणून ती घरीच ठेवण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून सोंगटी हरवलेली नाही. पलीकडचे समाजमंदिर लग्नमुंजींना भाड्याने मिळते, एरवी त्यात खुर्च्या राहतात. हे सर्व सांगताना काकांच्या आवाजात जो अभिमान होता तो पाहून माझ्या लक्षात आले की त्यांच्या हिशेबी सोय ही बिघडू नये म्हणून असते, आणि माणसाने हात लावला की ती बिघडू लागते. हे एकट्या काकांचे मत असते तर मी हसून सोडून दिले असते. बैठकीत हात वर करणारे सगळेच बाल्कनीत पंख्याखाली दुपार काढणारे असतात. ज्यांना दुपारी बाग हवी असते त्यांना बैठकीची सूचना मिळत नाही, कारण ते सेक्टरच्या गटावर नाहीत. दोन घरांच्या कामांमधला तासभर कुठे टेकायचे असा प्रश्न पडणाऱ्या बायका, रिक्षाच्या मागच्या सीटवर पाय दुमडून झोपणारे चालक, पाठीवर चौकोनी पेटी घेऊन पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारी मुले, घरात जागा नाही म्हणून बाहेर अभ्यास करणारे विद्यार्थी, या सर्वांना त्या सावलीचा उपयोग ज्या पाच तासांत आहे, नेमक्या त्याच पाच तासांत ती कुलपात असते. सकाळी सहाला बाग उघडते ती मधुमेहवाल्यांसाठी आणि हास्यक्लबासाठी. हास्यक्लबाबद्दल माझी तक्रार नाही, डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या अशाच एका बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला आणि पुढे तो जगभर गेला. ती बाग तेव्हा उघडी होती, इतकेच मला म्हणायचे आहे.

आमचे शहर तर आधी कागदावर आखले गेलेले. १९७० साली ते वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सेक्टर, शाळा, बाजार, बागेचा भूखंड असे सारे वस्तीच्या आधी नकाशात बसले. कोपरखैरण्याला तर कचराभूमी बंद करून तिच्यावर निसर्ग उद्यान उभे केले आहे. कचऱ्याच्या डोंगराची बाग करता येते, परंतु झालेल्या बागेचे फाटक दुपारी उघडे ठेवणे मात्र तांत्रिकदृष्ट्या अवघड असते. अहमदाबादने २०१० च्या भयंकर उष्णतेच्या लाटेतून धडा घेऊन २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, त्यात उन्हाच्या दिवसांत लोकांना टेकायला सावलीच्या सार्वजनिक जागा असाव्यात असे सुचवलेले आहे. आम्ही सावली सांभाळून ठेवतो.

हे सर्व मी काकांना ऐकवले. ते चिडले नाहीत. उलट त्यांना बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद झाला. त्यांनी मला चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची माहिती दिली, जी १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि जिच्यामुळे तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. पुढे २००९ साली महाराष्ट्राने मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली, ज्यामुळे आपल्या भागात काय हवे हे लोकांनी बसून सांगावे अशी सोय झाली, हेही त्यांनी सांगितले. "मग भरली का इथे कधी क्षेत्रसभा?" मी विचारले. "त्यासाठी पत्र दिलंय," काका म्हणाले आणि पोच दाखवली. लोकशाही दिनाचाही त्यांना अनुभव होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी अधिकारी नागरिकांची गाऱ्हाणी ऐकतात, त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरले की तीस दिवसांत उत्तर येते, आणि 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' हेही उत्तरच असते, असे त्यांनी मला समजुतीच्या स्वरात सांगितले. इतका जाणता, इतका चिकाटीचा माणूस इतक्या वर्षांच्या श्रमांनी एक कुलूप मिळवतो, याचा मला राग यावा की कणव, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात माझ्या पिशवीपाशी दोन मांजरे येऊन बसली.

मांजरांच्या मागोमाग वासही आला. मग मी काकांना स्पष्टच विचारले की या बागेतून बाहेर पडण्याचा आणखी कोणताही मार्ग आहे की नाही.

काका बराच वेळ गप्प राहिले. सत्य आणि शिस्त यांची त्यांच्या मनात चाललेली ओढाताण चेहऱ्यावर दिसत होती. शेवटी ते म्हणाले, "मार्ग नाही. फट आहे."

सप्तपर्णीच्या रांगेमागे ती होती. फुलांचा उग्र दर्प आणि बोंबील यांचे तेथे जे मीलन झाले त्याचे वर्णन मी करणार नाही. "या फटीविषयी माझी तक्रार प्रलंबित आहे, त्यामुळे मला तिचा वापर करता येणार नाही," काका म्हणाले, "पण तुम्ही तक्रारदार नाही. तुमचं तुम्ही ठरवा." त्यांनी सौजन्याने माझी पिशवीही धरली. मी डोके घातले, खांदे घातले, आणि कंबरेपाशी जेव्हा कुंपणाने मला आपले म्हटले तेव्हा मागून भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याचा आवाज आला.

"काका, हे काय?"

"हलू नका वहिनी, प्रमाण कळायला हवं. फट किती रुंद आहे ते नुसत्या फटीच्या फोटोवरून त्यांच्या लक्षात येत नाही."

एका सुशिक्षित, करदात्या, संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीला इस्त्रीची साडी नेसून जाणाऱ्या बाईचा शासकीय मोजपट्टी म्हणून वापर झाला. पिशवी त्यांनी गजांवरून व्यवस्थित दिली, 'सावकाश जा' असेही म्हणाले, आणि स्वतः चार वाजेपर्यंत गझिबोत बसून राहिले, असे नंतर सुरक्षारक्षकाकडून कळले. बोंबील मांजरांना घालावे लागले, आणि ती मांजरे सोसायटीतली होती, बागेतल्यांना ते श्रेयही मिळाले नाही.

मला खरा संताप आला तो पुढे. पाणपोईला पाणी नाही, स्वच्छतागृहाच्या किल्लीची दुसरी प्रत नाही, झोपाळ्याची साखळी पावसाळ्यापासून तुटलेली आहे; परंतु पुरावा क्रमांक ३ पोहोचल्यावर त्याच आठवड्यात वेल्डिंगचे यंत्र आले, दोन नवे गज बसले, वर रंगाचा हातही फिरला. आमच्या भागात इतक्या तत्परतेने झालेले नागरी काम मला दुसरे आठवत नाही. पिझ्झावाली मुले आता फाटकाबाहेरच्या पदपथावर, कुंपणाला टेकून, आतल्या झाडाची जेवढी सावली बाहेर पडते तेवढीत बसतात. त्याविरुद्धही पत्र तयार होत असल्याची कुणकुण आहे.

परवा काका घरी आले. झोपाळ्याची साखळी आणि सौरदिवे यांच्या मागणीवर रहिवाशांच्या सह्या घेत होते. फोटोचा विषय त्यांच्या मनातही नव्हता. माझ्या मनात तो होता, म्हणून चहा जरा पाणचट झाला. मी सही केली आणि तिच्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'उद्यान दुपारी खुले ठेवावे, ही विनंती.' काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद दूर धरला आणि ती ओळ शांतपणे वाचली.

"वहिनी, हे इथे नको," ते म्हणाले. "साखळी स्थापत्यकडे, दिवे विद्युतकडे आणि वेळ उद्यान विभागाकडे. एकत्र लिहिलंत तर तिघंही म्हणतील आमच्याशी संबंधित नाही. वेगळं पत्र करा, तीन प्रती काढा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका."

"तुम्ही सही कराल त्यावर?"

"करीन की," काका म्हणाले. "विरोधाची."