भिंती उघड्या आहेत तोवर सेन्सरचे पाइप घालून घ्या

घराचं काम काढलेलं कोणी भेटलं की हल्ली मी एकच गोष्ट सांगतो, ती आता इथे सविस्तर लिहितो. भिंतीत वायरींसाठी झिऱ्या (खाचा) मारून झाल्या असतील आणि प्लास्टर व्हायचं असेल, तर प्रत्येक खोलीत तापमानाच्या सेन्सरसाठी एक रिकामा पाइप आणि एक छोटा बॉक्स ठेवून घ्या. पाइपात ओढायची दोरी घालून ठेवा. कुठला सेन्सर लावायचा हे नंतर ठरवता येतं. तो काही वर्षांनी बदलालच, पण भिंत परत फोडायला घरातलं कोणी तयार होत नाही.

मी उलटं केलं होतं. आठवडाभर सेन्सर निवडत बसलो आणि जागा वायरमनवर सोडली. त्याने त्याच्या सोयीची जागा धरली, स्विचबोर्डाला लागून, कारण वायर तिथे आलेलीच होती. त्याला मी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. बोर्डात पंख्याचा रेग्युलेटर आणि दिवसभर लावून ठेवलेला चार्जर, भिंतीच्या पलीकडे फ्रिजची पाठ. ही आईची खोली. एसी त्या सेन्सरच्या आकड्यावर चालायचा आणि आई पहाटे शाल गुंडाळून उठून बसलेली असायची. "अगं, सत्तावीस दाखवतंय," असं मी तिला कितीतरी दिवस सांगत राहिलो. शेवटी एका रात्री साधा डिजिटल थर्मामीटर तिच्या उशीशेजारी ठेवला. तिथे साडेचोवीस होतं. आईचं बरोबर होतं. तिच्यापेक्षा मी आकड्यावर विश्वास ठेवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग बॉक्स समोरच्या आतल्या भिंतीवर नेला, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. तरी दुपारी आकडा मध्येच चढायचा. कव्हर काढलं आणि पाइपाच्या तोंडाशी टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरली. खोलीतला पंखा बंद, खिडकी बंद, आणि पट्टी फडफडत होती. पाइपाचं दुसरं टोक फॉल्स सीलिंगच्या वर उघडं होतं. तिथली तापलेली हवा पाइपातून उतरून थेट सेन्सरच्या पाठीवर येत होती, म्हणजे आम्ही खोलीचं नाही, सीलिंगच्या पोकळीचं तापमान वाचत होतो. वायरीभोवतीची फट पुट्टीने बुजवली आणि त्याच दिवसापासून आकडा स्थिर झाला. एवढं छोटं काम, पण ते कोणी आपणहून करत नाही. मुद्दाम सांगून, समोर उभं राहून करून घ्या.

बाकीच्या जागा टाळायला सोप्या आहेत. बाहेरची भिंत नको, कारण ती स्वतःच तापते आणि गार होते. एसीच्या झोताच्या वाटेवर नको, दाराच्या किंवा पडद्याच्या मागे नको, टीव्हीच्या वर तर नकोच. उन्हाचा कवडसा ऋतूप्रमाणे सरकतो, आज सावली असलेली जागा चार महिन्यांनी उन्हात असू शकते. जागा ठरवायला काम चालू असताना घेतलेल्या मोजमापांवर मात्र जाऊ नका. ओलं प्लास्टर वाळताना भिंत गार ठेवतं आणि दमटपणा वाढवतं, त्या दिवसांतले आकडे नेहमीच्या राहत्या घराचे नसतात. सेन्सरही सगळ्यात शेवटी लावा, रंगाचा वास पूर्ण गेल्यावर. दमटपणा मोजणाऱ्या सेन्सरला घासकामाची धूळ आणि रंगातली द्रावणं दोन्ही बाधतात.

आता वीज. बॅटरीवरचे वायरलेस सेन्सर वाईट नाहीत. झिग्बीवर, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या वायरलेस पद्धतीवर, चालणारा छोटा सेन्सर एका बटण सेलवर बऱ्याचदा वर्षभर टिकतो, वायफायवाल्याची भूक पुष्कळ जास्त. पण आठ खोल्यांत आठ सेल आठ वेगवेगळ्या दिवशी संपतात, आणि सेल संपला तरी ॲपमध्ये शेवटचा आकडा तसाच दिसत राहू शकतो. ज्या आकड्यावर आईची झोप अवलंबून आहे, तो असा गुपचूप शिळा झालेला मला चालत नाही. म्हणून भिंत उघडी असेल तर वायर घालाच.

मी प्रत्येक खोलीतून एक कॅट सिक्स (इंटरनेटसाठी वापरतात ती) केबल एकाच कपाटात आणली. आत आठ तारा असतात, त्यामुळे पुढे काहीही बदललं तरी पुरतात. सेन्सर डीएस१८बी२० नावाचे लावले, हे तापमान मोजणारे छोटे डिजिटल सेन्सर. त्यांना तीन तारा लागतात, ३ ते ५.५ व्होल्ट चालतात, आणि प्रत्येकाचा ६४ बिटचा स्वतःचा क्रमांक असल्याने एकाच लाइनवर अनेक जोडता येतात. नेहमीच्या तापमानात चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते, घराला तेवढं पुष्कळ आहे. फक्त एका ठिकाणाहून दहा फांद्या फोडल्या की लांब तारांवर सिग्नल बिघडतो, म्हणून लाइन केबलमधल्या तारांच्या एका जोडीने खोलीत नेऊन दुसऱ्या जोडीने परत आणायची आणि मग पुढच्या खोलीत न्यायची. आणि कधी एकदम ८५ अंश दिसलं तर घाबरू नका, वीज मिळाल्या मिळाल्या या सेन्सरमध्ये तोच आकडा असतो. जोड सैल आहे का ते बघा.

खोलीतच वायफायचा बोर्ड (सेन्सरचा आकडा वायफायने पाठवणारा) बसवणार असाल तर कपाटातून ५ व्होल्ट पाठवू नका, बारीक तारेत तो वाटेतच घसरतो. १२ पाठवा आणि तिथे उतरवा. पण उतरवणारा कन्व्हर्टर गरम होतो, बोर्डही गरम होतो, तेव्हा ते दोन्ही सेन्सरच्या बॉक्समध्ये नकोत. अगदीच जागा नसेल तर सेन्सर त्यांच्या खाली, वीतभर वायरवर ठेवा, म्हणजे वर जाणारी ऊब त्याला लागणार नाही. आणि या केबली मेन लाइनच्या वायरींसोबत एका पाइपात घालू देऊ नका, वायरमनने कितीही आग्रह केला तरी.

प्लास्टरचा पहिला हात मारायच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढून ठेवा, कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते त्यात नीट वाचता आलं पाहिजे. आईच्या पलंगाशेजारी दुसरा बॉक्स करायचा होता तेव्हा मला त्याच फोटोवरून पाइप सापडला, पहिल्याच छिद्रात.