बॉनेटखाली बॅटरी नाही जी!

जुनी एमजीबी, म्हणजे ती इंग्रजी स्पोर्ट्स कार, घेऊन नागपुरातल्या कोणत्याही बॅटरीच्या दुकानापुढे उभं राहा, पहिला संवाद ठरलेला. दुकानातला पोरगा बॉनेट उघडायला लावतो, आत वाकून पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "बॅटरी कोनी काढून नेली का जी?"

कोणी नेलेली नसते. १९६२ मध्ये ही गाडी आणणाऱ्या इंग्रजांनी ती सीटच्या मागे, गालिच्याखाली, पत्र्याच्या झाकणाआड पुरून ठेवली आहे. आणि तीही एक नाही, दोन. सहा-सहा व्होल्टच्या, प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या, इकडे एक, तिकडे एक. वाटणी झालेल्या भावांसारख्या शेजारी राहतात, मधे एक केबल तेवढी सामाईक. १९७४ पर्यंत हा संसार असाच चालला, मग कारखान्यानेच कंटाळून एक बारा व्होल्टची बसवली.

"सहा व्होल्ट?" मालक गल्ल्यावरून उठतो. "जुन्या राजदूतची चालन का?" नाही चालणार. १७९८ सीसीच्या इंजिनाला सेल्फ मारायला दीड-दोनशे अँपियर लागतात, फटफटीच्या बॅटरीत तेवढ्याने नुसता उसासा निघेल. दुसरी सहा व्होल्टची मिळते ती गोल्फच्या मैदानावरच्या गाडीची, पंचवीस किलोच्या वर आणि कप्प्यापेक्षा उंच. तेवढ्यात स्कूटरवर बसलेला तिसराच माणूस सल्ला देतो, "दोन हायेत तर डबल पॉवर असन नं भाऊ!" नसते. एकापुढे एक जोडल्या की व्होल्ट वाढतात, अँपियर-तास, म्हणजे साठवण, तेवढेच राहतात. मूळ जोडी ५८ च्या आसपासची, म्हणजे एकूणही ५८च. आणि दोघींपैकी एकच बसली म्हणून एकच नवीन घेण्याची काटकसर करू नये. जुनी दमली की नवी तिलाही ओढत बसते, आणि सहा महिन्यांत दोघी सारख्याच म्हाताऱ्या होतात.

माझं मत विचाराल तर एका कप्प्यात बारा व्होल्टची एकच बॅटरी बसवावी, दुसऱ्या कप्प्यात नटबोल्टचे पाने ठेवावेत. बॅटरी निवडायला कंपनीचं नाव नंतर, आधी टेप काढा. डिन ४४ नावाच्या बॅटरीची लांबी २०७ मिलिमीटर, रुंदी १७५. उंची मात्र दोन प्रकारची येते, १९० आणि १७५. आपल्याला बुटकी हवी, दुकानात तिला 'एलएच' म्हणतात. हे पंधरा मिलिमीटर क्षुल्लक वाटतात, पण वर पत्र्याचं झाकण आहे. टर्मिनल झाकणाला टेकलं की सीटच्या मागे वेल्डिंग सुरू होतं, आणि ते आपल्या पाठीपासून वीतभर अंतरावर. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराचा तुकडा चिकटवावाच. बॅटरी आत बसवण्याआधी ती ज्यावर टेकते तो खालचा पाळणा पेचकसाने टोचून पाहा. वर्षानुवर्षं ॲसिड सांडून तो पापडासारखा झालेला असतो, आणि कप्प्याखाली थेट रस्ता.

खरी गंमत पुढे आहे. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेलं टोक धन. पुढच्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि अर्थ ऋण झालं. पण मधल्या काळात कोणा उस्तादाने गाडीची जोडणी उलटवली नसेलच असं नाही, म्हणून केबलच्या रंगावर विश्वास ठेवू नका. बॉडीला आवळलेली केबल हाताने चाचपत बॅटरीच्या कोणत्या पोलवर जाते ते पाहा. अल्टरनेटरवाल्या गाडीत उलटी जोडणी झाली तर त्यातले डायोड पापणी लवायच्या आत जळतात.

धन पोल ऋणापेक्षा जाड असतो, वरच्या टोकाला १७.५ मिलिमीटर विरुद्ध १५.९. म्हणजे पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अर्थचा क्लॅम्प मोठा. ती गाडी निगेटिव्ह अर्थ केली की हाच क्लॅम्प बारक्या पोलवर गरगर फिरतो. मग डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ठोकायची आपली राष्ट्रीय पद्धत. दीडशे अँपियर त्या पट्टीतून जाताना क्लॅम्प चहासारखा तापतो. नवा क्लॅम्प घ्या, पैसे फार लागत नाहीत. काढताना अर्थ आधी, जोडताना शेवटी. "काळी आधी काढा" हा मंत्र पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत उलटा पडतो, आणि पाना बॉडीला टेकला की तो कायमचा लक्षात राहतो.

दुकानदार मग सीसीएचा, म्हणजे 'कोल्ड क्रँकिंग अँपियर'चा, आकडा दाखवतो. तो आकडा उणे १८ अंशांत तीस सेकंद किती अँपियर मिळतील हे सांगतो. नागपुरात पारा सात-आठवर आला की पेपरात हुडहुडी छापून येते. आपला शत्रू मे महिना आहे. ढोबळ हिशोब असा की दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. इथे मात्र इंग्रजांचं पुरणं कामी येतं: इंजिनची धग मागे पोचत नाही. तोटा एवढाच की दिसत नाही ते आठवत नाही. तरी पाणी न लागणाऱ्या सीलबंद एजीएम बॅटरीच्या नादी मी लागत नाही, कारण जुन्या डायनॅमोचा व्होल्ट सांभाळणारा रेग्युलेटर चौदा-पंधरा व्होल्टच्या मधे डोलतो आणि सीलबंद बॅटरीला ते सोसत नाही. झाकणं उघडणारी साधी घ्यावी. ज्या रविवारी कूलरमध्ये वाळा बदलता, त्याच दिवशी झाकण उघडून प्लेटांवर बोटभर पाणी आहे का पाहा. डिस्टिल्डच. आरओच्या पाण्यात क्षार उरतात, आणि कूलरच्या पाण्याबद्दल बोलायलाच नको.

पैसे देण्याआधी मीटर लावायला सांगा. १२.६ व्होल्ट हवे. १२.४ पेक्षा कमी दाखवली तर ती बॅटरी शेल्फवर झोपून राहिलेली आहे, तारखेचा शिक्का वाचा आणि दुसरी मागा. घरी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी गाडीपासून तोडणारा कट-ऑफ स्विच बसवा, कारण ही गाडी बसली की नुसत्या धक्क्याने सुटत नाही. पेट्रोलचा पंपही विजेचा आहे, आणि तो टिकटिक करेनासा झाला की मित्रांनी कितीही ढकललं तरी कार्ब्युरेटर कोरडाच.

शेवटी वॉरंटी कार्ड. मशीनमध्ये एमजीबी सापडत नाही, म्हणून पोरगा "मारुती ८००" लिहितो. लिहू द्या, फक्त अनुक्रमांक आणि तारीख जुळवून घ्या. जुन्या दोघींना तो काट्यावर ठेवतो आणि खुश होतो, "दोन हायेत नं जी, शिसं बक्कळ निघन."