‘नाकात 850 ग्रॅम शिसं भरावं लागलं’ या अभिप्रायाबद्दल

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एवढ्या हौसेने बांधायला घेतलेल्या रिमोटवरच्या मॉडेल विमानाने तुम्हाला मनस्ताप दिला, त्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. किट उशिरा पोहोचलं, कारण हलकं बाल्सा लाकूड वेळेत मिळालं नव्हतं. जड फळ्या घालून खोका वेळेवर पाठवता आला असता, पण आम्ही ते करत नाही. हे तेव्हा कळवलंही होतं. असो, उशिराबद्दल तुम्ही एक स्टार कापला असता तर मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं.

पण तुम्ही लिहिलंय, ‘डिझाइनच चुकीचं आहे. विमान शेपटीकडे जड, नाकात 850 ग्रॅम शिसं भरावं लागलं, उतरताना दगडासारखं पडलं आणि चाकांचा दांडा वाकला.’ हे वाचून रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. चौकशी करणारे लोक आता पहिला प्रश्न विचारतात, ‘ते शिशाचं काय?’ म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

हे किट पायपर जे-3 कबचं आहे. मूळ विमान 1938 ते 1947 या काळात तयार झालं. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे 10.7 मीटर, आपलं मॉडेल चतुर्थांश मापाचं, म्हणजे जवळपास 2.7 मीटर. कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. खऱ्या विमानात हे निभावतं, कारण पुढे चार सिलिंडरचं 65 अश्वशक्तीचं इंजिन बसलेलं असतं, वजन सुमारे 77 किलो. रिकाम्या विमानाच्या वजनाचा पाचव्याहून जास्त हिस्सा एकट्या इंजिनाचा. ते वजन पुढे असणार हे धरूनच नाक तेवढं ठेवलेलं आहे. मॉडेलमध्ये तोच आकार आला की तोच हिशोब आला. नाक लांबवलं तर सीजी, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो गुरुत्वमध्य, साधणं सोपं होईल, पण मग त्याला कब कोण म्हणेल?

आमच्या आराखड्यावर 50 सीसीचं पेट्रोल इंजिन दाखवलेलं आहे. सायलेन्सर आणि इग्निशन धरून साधारण दीड किलो. तुम्ही त्याऐवजी इलेक्ट्रिक मोटर बसवली. त्यात काहीच गैर नाही, आम्हीही बसवतो. आवाज कमी, तेलाची घाण नाही. पण तुमच्याच फोटोत मोटरचं मॉडेल दिसतं आणि तिचं वजन 750 ग्रॅम आहे. म्हणजे फायरवॉलच्या, इंजिन ज्यावर बसतं त्या नाकातल्या फळीच्या, पुढचं 750 ग्रॅम तिथेच गेलं. तुम्ही भरलेलं शिसं 850. सर, जे वजन तुम्ही स्वतः काढलंत, बहुतेक तेच तुम्ही शिशाच्या रूपाने परत घातलंत!

उरलेले 100 ग्रॅम कुठे गेले, तेही फोटोत दिसतं. सीजीपासून फायरवॉल सुमारे 40 सेंटिमीटर पुढे आणि शेपटीचं टोक सुमारे 120 सेंटिमीटर मागे. तराजूची एक बाजू तिप्पट लांब. शेपटीवरच्या दर ग्रॅमला नाकात तीन ग्रॅम. तुमच्या उभ्या पंखाच्या बुडाशी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायची चिकट राळ) ओघळून काचेसारखी चकाकतेय, बिजागऱ्यांच्या फटींतही तीच भरलीय. तीस-पस्तीस ग्रॅम जास्तीची तिथे सहज असेल. शेपटीला पिवळा गोंद लावा आणि बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा, असं पुस्तिकेत लिहिलंय ते उगाच नाही.

आणि मुख्य मुद्दा बॅटरीचा. तुमचा दीड किलोचा पॅक पंखाखाली, बरोबर सीजीवर ठेवलाय. केबिनचं दार उघडून हात घालायला ती जागा सोयीची, हे मान्य. पण तिथे तो असून नसल्यासारखा. इलेक्ट्रिक केल्यावर फायरवॉलच्या मागचा टाकीचा कप्पा मोकळा होतो. पॅक नुसता 25 सेंटिमीटर पुढे त्या कप्प्यात सरकवला असता, तर नाकातल्या 900 ग्रॅमहून जास्त शिशाचं काम त्याने केलं असतं. शिशाचा एक तुकडाही लागला नसता. पुस्तिकेत इलेक्ट्रिकच्या पानावर हे चौकटीत छापलंय. तुमचा मेल आला तेव्हा मी ‘बॅटरी कुठे ठेवली आहे?’ एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, थेट हा अभिप्राय आला. वाईट त्याचं वाटलं.

आता उतरण्याबद्दल. नऊ किलोच्या विमानात 850 ग्रॅम वाढले की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, साधारण चार-पाच टक्के वाढतो, कारण तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तेवढ्याने दांडा वाकत नाही. तुमच्या व्हिडिओत विमान डोक्याइतक्या उंचीवर असतानाच मोटर पूर्ण बंद झालेली ऐकू येते. कबला हवेचा अडथळा फार, नाकावरचा मोठा पंखा नुसता फिरत राहिला तर तोही ब्रेक लावतो. चाकं टेकेपर्यंत थोडा थ्रॉटल राहू द्यायचा. पहिल्या उड्डाणाला हात थरथरतात, हे मलाही ठाऊक आहे, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

‘काही वीकेंडमध्ये तयार’ ही जाहिरातीतली ओळ तुम्हाला खटकली, ती बदलायचं बघतो. पुस्तिकेतली चौकटही पुढच्या छपाईत आणखी ठळक करू, जमल्यास बॅटरीच्या जागेचं चित्रही देऊ.

आमचं कारखाना म्हणावं असं काही नाही. रिब, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्या, लेझरवर कापून झाल्या की प्रत्येक रिब हाताने वाकवून बघतो, मऊ निघाली तर बाजूला टाकतो. घर यावरच चालतं. म्हणून ‘डिझाइन चुकीचं’ हे शब्द लागले.

दांडा नवीन पाठवतो, त्याचे पैसे नकोत. शिसं काढा, पॅक टाकीच्या कप्प्यात पुढे बांधा आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून 12 सेंटिमीटरवर बोटांनी उचलून बघा. नाक किंचित खाली राहिलं तर तसंच राहू द्या. त्यानंतर पुन्हा उडवून जे वाटेल ते लिहा, चांगलं किंवा वाईट. तोपर्यंत निदान शिशाच्या वाक्यात मोटर आणि बॅटरीचा उल्लेख जोडाल, तर उपकार होतील.