‘कैदेची पानं घुसडून किंमत वाढवली’ या अभिप्रायावर प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार सर,

कित्तूरच्या राणी चेन्नम्मांवरची आमची कादंबरी वाचून तुमची निराशा झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. तुमचे दोन आक्षेप मान्य आहेत. मुखपृष्ठावर घोडा आणि तलवार, मलपृष्ठावर ‘थरारक रणगाथा’ असं छापून लढाईची अपेक्षा आम्हीच निर्माण केली. दुसरं म्हणजे दरबारातली भाषणं. पान 98 ते 103 राणी सलग बोलते आणि सरदार नुसते ऐकतात. तिथे संपादनातच कात्री लागायला हवी होती.

पण ‘लढाई 26 पानांत उरकली आणि पुढे बैलहोंगलच्या कैदेची 112 पानं घुसडून किंमत 420 वर नेली’ हे वाक्य जिव्हारी लागलं. तुमचा अभिप्राय वाचून एका विक्रेत्याने दहा प्रतींची मागणी थांबवली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरच्या किल्ल्यासमोर धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. म्हणजे सगळं युद्ध साधारण सहा आठवड्यांचं. त्यानंतर राणी बैलहोंगलच्या गढीत कैदेत राहिली ती फेब्रुवारी 1829 मध्ये डोळे मिटेपर्यंत, चार वर्षांहून जास्त. ही वर्षं चार ओळींत गुंडाळून किल्ला पडला तिथेच पडदा टाकायचा, किंवा कित्तूरसाठी पुढे बंड करणाऱ्या रायण्णाला कैदेत वेषांतर करून राणीच्या भेटीला आणायचं, ही सोपी वाट होती. संगोळी रायण्णाचं बंड पेटलं 1829-30 मध्ये आणि नंदगडला त्याला फाशी झाली जानेवारी 1831 मध्ये, राणी गेल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. लेखिकेने ती भेट गीगी पदात (कानडी लोकगीताच्या प्रकारात) लोक गातात तशी, गाणं म्हणूनच घेतली आहे, घडलेला प्रसंग म्हणून नाही. ‘काहीच घडत नाही’ असं तुम्ही ज्या पानांबद्दल म्हणता, त्यातलं पान 271 पुन्हा एकदा बघा. तेल पुरवायचं म्हणून राणी समईच्या वाती बोटाने मोडून अर्ध्या करते, तेवढ्या उजेडात इष्टलिंगाची पूजा उरकते आणि उरलेल्या अर्ध्या वाती पदराच्या गाठीत बांधून ठेवते. हे पान काढलं तर आमच्या मते पुस्तकात पुतळाच उरतो.

(दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा करणाऱ्या डलहौसीचा उल्लेख का नाही, असंही तुम्ही विचारलंत. तो गव्हर्नर जनरल म्हणून आला 1848 साली. कित्तूरचं दत्तक नाकारलं गेलं तेव्हा मुंबईला एल्फिन्स्टन गव्हर्नर होता आणि पुण्यात कमिशनर चॅप्लिन.)

आता किमतीचं. पुस्तक डेमी आकारात, 352 पानांचं. सोळा पानांचा एक फॉर्म, असे बावीस फॉर्म. तुमची 112 पानं म्हणजे सात फॉर्म. 70 जीएसएमचा कागद, प्लेटा, छपाई, घडी, जुळणी, शिवण सगळं धरून 500 प्रतींच्या आवृत्तीत या सात फॉर्मांचा खर्च प्रतीमागे पस्तीसएक रुपये येतो. विक्रेत्याचं कमिशन 40 टक्के, म्हणजे 420 मधले 168 रुपये तिथेच जातात. शिवाय पानं वाढली की वजन वाढतं. पुठ्ठ्यात बांधलेलं पार्सल पाचशे ग्रॅमच्या वर गेलं की कुरिअरचा पुढचा दर लागतो. पानं वाढवून प्रकाशकाच्या हाती काही जास्त लागत नाही सर, उलट तोटाच होतो. पैसेच वाचवायचे असते तर शिवणीऐवजी नुसत्या गोंदाची बांधणी केली असती, मग दुसऱ्या वाचनाला पानं सुटून हातात आली असती.

तुम्हाला पुस्तक 15 टक्के सवलतीने 357 ला मिळालं होतं, तेही अभिप्रायात यायला हवं होतं असं वाटतं. आणि संपूर्ण वाचून, पानांचे कोपरे दुमडून, पेन्सिलच्या खुणा करून झाल्यावर पूर्ण पैसे परत मागणं, हे आमच्यासारख्या छोट्या दुकानाला झेपत नाही.

तरी पुढच्या आवृत्तीत मलपृष्ठावरचा मजकूर बदलू, भाषणांचंही लेखिकेशी बोलून बघू. कानडी शब्दांचे अर्थ शेवटी द्यावेत ही तुमची सूचना चांगली आहे. काकती-बैलहोंगलकडच्या वाचकांना त्यांची गरज पडत नाही, त्यामुळे ते राहून गेलं. मुद्रितशोधनाच्या आणखी चुका सापडल्या असतील तर पान क्रमांक कळवा. खडेबाजारातल्या दुकानात आलात तर या पुस्तकाऐवजी 200 रुपयांपर्यंतचं दुसरं कुठलंही पुस्तक घेऊन जा. रविवारी दुकान दुपारी एकपर्यंतच उघडं असतं.

— प्रकाशक, बेळगाव