धंदा बंद, रिटर्न मात्र चालू

शटर खाली ओढलं की धंदा बंद झाला, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. सरकारदरबारी तसं नसतं. जीएसटी नंबर रद्द होईपर्यंत तुमचा धंदा कागदोपत्री चालूच असतो.

"काही विकलंच नाही, मग रिटर्न कसलं?" कर सल्लागार म्हणून हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो आणि दर वेळी जीव तुटतो. निरंक, म्हणजे शून्य व्यवहाराचं, ३बी हे जीएसटी रिटर्न राहिलं तरी दिवसाला २० रुपये लेट फी लागते, जास्तीत जास्त ५००. ही मर्यादा एका रिटर्नची. महिन्याचं रिटर्न वर्षभर भरलंच नाही तर झाले ६,००० रुपये. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट शिल्लक असलं तरी त्यातून ही फी वळती होत नाही, रोखच भरावी लागते. सहा महिने रिटर्न नाही म्हणून खात्याने नंबर रद्द केला, तरी मागची थकबाकी माफ होत नाही.

आणि हे निरंक ३बी भरायला लागतं काय? नोंदणी केलेल्या मोबाइलवरून १४४०९ ला एक एसएमएस. उलट सहा आकडी कोड येतो, तो पाठवून खात्री केली की झालं. २० तारखेची वाट बघूच नका, महिना संपला की १ तारखेलाच उरकून टाका. विक्री असेल तर चलनही दोन-तीन दिवस आधी भरा. शेवटच्या दिवशी बँकेतून पैसे वेळेत जमा झाले नाहीत की रिटर्न अडकतं.

खरी चीड येते ती प्रायव्हेट लिमिटेडच्या बाबतीत. दोन मित्र उत्साहाने कंपनी काढतात, वर्षभरात काम थंडावतं, दोघं नोकरीला लागतात. एओसी-४ (हिशोबाचा) आणि एमजीटी-७ए (छोट्या कंपनीच्या वार्षिक विवरणाचा) हे वार्षिक फॉर्म मात्र कंपनी निबंधकांकडे द्यावेच लागतात. उशीर झाला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये, तेही कमाल मर्यादेशिवाय. एका वर्षाचे दोन्ही मिळून ७३,०००! सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. जीएसटीत उलाढाल बघून लेट फीला मर्यादा घातली आहे, मग एका रुपयाचाही व्यवहार नसलेल्या कंपनीला का नाही? हा सरळसरळ अन्याय आहे, आणि व्यापारी संघटनांनी तो लावून धरायला हवा.

नियम बदलेपर्यंत आपणच सावध राहायचं. धंदा थांबवायचा ठरला की त्याच महिन्यात जीएसटी रद्द करायचा अर्ज टाका आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम रिटर्न भरा. कंपनी असेल तर एसटीके-२ हा अर्ज देऊन निबंधकांच्या नोंदीतून तिचं नाव काढून घ्या. त्याची फी १०,००० आहे, पण ७३,००० पेक्षा केव्हाही परवडते.

आणखी एक. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे, आजच बघा. बऱ्याच ठिकाणी जुन्या अकाउंटंटचाच असतो. तो काम सोडून गेलेला, नोटिसा त्याच्या ईमेलवर आणि ओटीपी त्याच्या फोनवर. सल्लागार कुणीही असो, अगदी मी असलो तरी, नंबर मालकाचाच हवा.